दोघांच्या मधलं गवत

भात कापणीला आलं होतं. तेरुओनं कापणीच्या मशीनला तेलपाणी करून ठेवलं होतं आणि सकाळी उठल्या उठल्या तो खाचराकडे चक्कर मारायला गेला. गेला तसा परत आला. त्याची बायको मासुए शेगडीपाशी सूप ढवळत होती. तो दारातच उभा राहिला, बूटसुद्धा काढले नाहीत.

"लोळली," म्हणाला.

"कोण?"

"डुकरं. भाताची एक चूड उभी ठेवली नाही."

रानडुक्कर भात खातं ते थोडं, लोळतं ते फार. आणि एकदा लोळलं की त्या भाताला असा वास लागतो की भात विकत घेणारी सोसायटी पोतं उघडून बघतसुद्धा नाही. मासुएनं गॅस बंद केला आणि त्याच्या मागोमाग खाली गेली. सगळं खाचर चिखलाच्या परातीसारखं झालं होतं. पण बांधापलीकडचं कुमाओचं खाचर मात्र जसंच्या तसं, पिवळंधमक उभं होतं. त्याच्या चारी बाजूंनी नव्या कोऱ्या तारा ताणलेल्या होत्या. त्यानं आठवड्यापूर्वीच तारांत वीज सोडणारं झटका मशीन बसवलं होतं.

कुमाओ हा तेरुओचा चुलतभाऊ, वयानं थोडा मोठा. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकले, एकाच मुलीच्या मागे लागले आणि दोघांनाही तिनं नाही म्हटलं, म्हणून आयुष्यभर हसत आले. त्या सकाळी कुमाओ बांधावर आला तो खरं तर वाईट वाटून. पण तेरुओचा तोल गेला होता.

"सांगायचं तरी होतंस!"

"काय सांगायचं? माझ्या शेताला कुंपण घालायला तुझी परवानगी?"

"दोन वर्षं तुझ्याकडे जेवत होती ती. तू ताट उचललंस, आली माझ्याकडे. एवढं कळत नव्हतं तुला?"

"मग तूही घाल की कुंपण! बायको अख्ख्या तालुक्याला शिकवते आणि नवरा अडाणीच राहिला, त्याला मी काय करू?"

इथे थांबलं असतं तर निभावलं असतं. पण तेरुओ म्हणाला, "घाल बाबा, घाल कुंपण. तुझ्यामागे त्या शेताला आहे कोण? कुणासाठी राखतोयस?"

कुमाओची एकुलती एक मुलगी ओसाकाला होती आणि वर्षाकाठी एकदा यायची. तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जाईना.

तोचिबारा वाडीत मासुएला सगळे 'बाई' म्हणत. तालुक्याच्या शाळेत तिनं आयुष्य विज्ञान शिकवण्यात घालवलं होतं आणि वाडीतल्या पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांचे कान कधी ना कधी उपटले होते. वर्गात तिच्या तोंडाला खळ नसे. घरी मात्र ती आणि तेरुओ यांच्यात लागेल तेवढंच बोलणं. जेवण, हवा, खत, आणि लग्न होऊन टोकियोला गेलेल्या मुलाचा फोन. त्यात काही वाईट आहे असं तिला वाटलंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात बसायची वेळ आली तेव्हा तिला पहिल्यांदा ती शांतता ऐकू आली.

पुढच्या वर्षी तेरुओनं कुंपण घातलं. डुकरं पुढच्या घरी गेली. त्या घरानं घातलं, ती त्याच्या पुढच्या घरी गेली. तीन-चार वर्षांत अख्खी वाडी तारांनी भरून गेली. प्रत्येकाचं आपापलं झटका मशीन, आपापली पिवळी 'धोका' पाटी. पूर्वी एका घरून दुसऱ्या घरी जायला खाचरांच्या बांधांवरून पायवाटा होत्या. आता दर वाटेवर तारेचे आकडे काढा, आत जा, पुन्हा लावा. म्हातारी माणसं कंटाळली. सूचनांची पाटी आधी हातोहात घरोघर फिरायची आणि तिच्याबरोबर मुळ्याचं लोणचं, चार वांगी, सुनेची गाऱ्हाणी असं सगळं फिरायचं. ती बंद पडली, आणि पंचायतीनं खांबावर भोंगा बसवला. भोंगा सकाळ-संध्याकाळ बोलायचा. त्याला उत्तर द्यायची सोय नव्हती.

मासुएला बेडूक आठवले. ती मुलांना दरवर्षी ओढ्यावर न्यायची आणि झाडावरचा हिरवा बेडूक दाखवायची. हा जंगलात राहतो आणि अंडी घालतो भाताच्या पाण्यात, सांगायची. त्याला जंगलही लागतं, खाचरही लागतं. पण त्याहून जास्त लागते ती मधली वाट. मध्ये सिमेंटचा खोल पाट बांधलात तर जंगलही राहील, खाचरही राहील, बेडूक राहणार नाही. मुलं वहीत पाटाचं चित्र काढायची. आता तिला वाटे, आपल्या वाडीत घरं आहेत, माणसं आहेत, जिभा आहेत. मधली वाट गेली.

तेरुओच्या आणि कुमाओच्या तारांच्या मध्ये बांधाचा एक पट्टा राहिला होता, छोटा ट्रक जाईल एवढा रुंद, वर थेट जंगलाला भिडलेला. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही घरं तो मिळून कापायची. आता तेरुओ म्हणे, त्यानं कापावा, कुमाओ म्हणे, यानं. गवत पुरुषभर उंच झालं, त्यावर काटेरी वेली चढल्या. एके दिवशी कुमाओची आई इतोआजी काठी टेकत बांधावर आली. नव्वदी पार केलेली बाई, पाठ पार वाकलेली, पण जीभ सरळ. तिनं मासुएला हाक मारली.

"अगं ए बाई, इकडे ये. हे बघ काय."

गवतात डुकरानं वाकवून केलेली जागा होती. ऊबदार, तुडवलेली. चिखलात लहान लहान खुरांचे ठसे.

"तुमच्या भांडणात डुकरीण व्यालीय," आजी म्हणाली. "बारसं करा आता."

पंचायतीत वन्य प्राण्यांचं काम बघणारे हिराइ म्हणून एक गृहस्थ होते, मासुएचे जुने विद्यार्थी. त्यांना घेऊन मासुएनं वाडीभोवती फेरी मारली. डुकरं कुठून येतात ते शोधत गेले तसं एक चित्र दिसायला लागलं. ज्या दोन शेजाऱ्यांचं बरं होतं त्यांच्या मधला बांध कापलेला असे. जिथे बोलणं नव्हतं तिथे गवत होतं, आणि जिथे गवत होतं तिथून वाट होती. डुकराला लपायला आडोसा लागतो. तो वाडीनं त्यांना स्वतः वाढवून दिला होता.

हिराइ म्हणाले, "बाई, इलाज एकच. सगळ्या वाडीला मिळून एकच बाहेरचं कुंपण आणि जंगलाच्या कडेचा पट्टा साफ. मी दहा गावांत सांगितलं. दोन गावांत झालं."

"बाकीच्यांत का नाही झालं?"

"एकत्र बसतच नाहीत."

मासुएनं वाडीच्या सभेत विषय मांडला. सभा म्हणजे हॉलमध्ये गुडघे मोडून बसलेले घराघरातले कर्ते पुरुष, मधोमध चहाची किटली आणि वाडीप्रमुख योशिमोरी. योशिमोरी भला माणूस, पण एकदा बोलायला लागला की किटली दोनदा भरावी लागे. मासुए बोलली, योशिमोरी त्यावर बराच वेळ बोलला, मग "बघू", "विचार करू" असं दोन-तीन कोपऱ्यांतून आलं. तेरुओ आणि कुमाओ हॉलच्या दोन टोकांना मूग गिळून बसले होते. उठता उठता कुणीतरी म्हणालं, "बाई, माणसं ऐकत नाहीत, तुम्ही बेडकांचीच सभा घ्या." सगळे हसले. तीही हसली.

घरी येऊन भांडी घासताना तिच्या डोक्यात शाळेमागचं तळं आलं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. गार पाणी तळाशी. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत, तळातल्या माशांना हवा पोचत नाही. शरदात वरचा थर गार पडला की मगच सगळं तळं ढवळून निघतं. बाहेरून कुणी काठीनं ढवळावं लागत नाही. वरच्यानं फक्त गार व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ती योशिमोरीकडे गेली. "पुढच्या सभेत तुम्ही शेवटी बोला. आणि घरटी एक माणूस नको, ज्याला यायचं तो येऊ दे."

"मी नाही बोललो तर बोलणार कोण?"

"तेच बघायचंय."

"बाई, तुम्ही मलासुद्धा आठवीतच बसवता," योशिमोरी म्हणाला. पण कबूल झाला.

पुढच्या सभेत योशिमोरीनं तीनदा तोंड उघडलं आणि मासुएकडे बघून मिटलं. मग मागच्या भिंतीला टेकलेली इतोआजी म्हणाली, "आमच्या वेळी कडेचं गवत बैलासाठी कापायचो. डुकरासाठी नव्हे. बैल गेले, गवत राहिलं, आणि तुम्ही राहिलात." कुणीतरी फिसकन हसलं. मग एक विधवा बोलली, ती आठ वर्षं सभेला आलीच नव्हती. तिच्या तारांना गवत टेकून वीज उतरते आणि तिच्यानं कापवत नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं. मग वरच्या घरचा. मग खालचा. त्या दिवशी योशिमोरीला बोलायला वेळच उरला नाही.

ठरलं. एकच बाहेरचं कुंपण. आणि जंगलाची कड आणि शेजाऱ्यांमधले बांध सगळ्यांनी कापायचे, जो तो आपल्या टोकाकडून, सकाळी उन्हं चढायच्या आत. मासुएनं मनात एकच गोष्ट धरून ठेवली: भांडणाचा विषय काढायचा नाही, समेटाचाही नाही. दोघांची गाठ कुणाच्या घरात नको, हॉलमध्ये नको. जंगल आणि शेत मिळतात त्या कडेला जिवांची सगळ्यात जास्त ये-जा असते, हे ती जन्मभर शिकवत आली होती. माणसांनाही तिथेच सोडावं. आणि एकदम लोंढा नको. शेताला पाणी द्यायचं तर बारीक धार लावून ठेवतात, पाटाची फळी एकदम उपसली की बांध फुटतो.

तेरुओला मात्र दोघांना समोरासमोर आणायचा तो डाव कळला.

"तू मला प्रयोगातला बेडूक समजतेस काय?"

"बेडूक परवडला," मासुए म्हणाली. "तो निदान पावसाळ्यात तरी ओरडतो."

तेरुओनं भाताचा वाडगा खाली ठेवला. मग कितीतरी दिवसांनी तो हसला, आणि म्हणाला, "खालच्या टोकाकडून मी कापीन. वरचं टोक त्याचं. मध्ये मी जाणार नाही."

मधला पट्टा उन्हाळ्यात कापायला लागले. खालून तेरुओचं मशीन, वरून कुमाओचं. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांना दिसतही नव्हते, मध्ये गवताची भिंत होती. दर सकाळी ती थोडी थोडी पातळ होत गेली. मासुए वांग्यांना पाणी घालायच्या निमित्तानं जवळपास असे. डुकरीण पिलं घेऊन केव्हाच निघून गेली होती. शेवटी एका सकाळी मधला काटेरी झुबका पडला आणि दोन म्हातारे घामानं निथळत समोरासमोर उभे राहिले. दोघांनी मशीनं बंद केली.

कुमाओ म्हणाला, "तुझ्या मशीनचं तेल गळतंय."

तेरुओनं खाली बघितलं. "गळतंय खरं."

"वॉशर गेलाय. आहे माझ्याकडे."

"बरं."

एवढंच. मासुए वाकून वांगी बघत राहिली, कारण तोंड वर केलं असतं तर ते दोघांना दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी बांधावरच्या दगडावर एक रबरी वॉशर ठेवलेला होता.

त्या शरदात बाहेरचं कुंपण उभं राहिलं. दर घराला कुंपणाचा एक तुकडा वाटून दिला, खालचं गवत ज्यानं त्यानं कापायचं, कारण पातं तारेला टेकलं की वीज जमिनीत जाते. आतली जुनी कुंपणं निघाली. माणसं पुन्हा बांधावरून चालायला लागली. कापणीच्या दिवशी तेरुओ आणि कुमाओ एकाच बांधावर बसून भाताचे मुटके खात होते. "यंदा कसं?" "बरंय. तुझं?" "माझंही बरंय." 'कुणासाठी राखतोयस' या जुन्या वाक्याबद्दल कुणीच कधी माफी मागितली नाही. मासुएला वाटलं, नसेल मागायची. पाचोळा कुजायला दोन हिवाळे लागतात. हे वाक्यही कुजेल आणि खत होईल.

हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, कुमाओ लाकडाच्या ढिगापाशी कोसळला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. मुलगी आली. ती वाईट नव्हती, रडत होती, पण ओसाकाला नोकरी होती, घर लहान होतं. कुमाओला तिनं तिथल्याच एका शुश्रूषागृहात ठेवलं. इतोआजीला तालुक्याच्या वृद्धाश्रमात हलवलं. गाडीत बसताना आजी मासुएला म्हणाली, "तिथे म्हणे सगळ्यांना गप्पांचा तास असतो. घड्याळ लावून." वसंताआधीच ती गेली.

बर्फ वितळल्यावर कुमाओच्या वाट्याचा कुंपणाचा तुकडा तेरुओनं घेतला. दोन तुकडे त्याला जमले. मग योशिमोरीला त्याच्या मुलानं शहरात नेलं. विधवेचा तुकडा आधीच दुसऱ्यांकडे होता. वरच्या घरच्याचे गुडघे गेले. उरलेल्या माणसांना उरलेलं कुंपण पुरेना. श्रावणासारख्या पावसात गवत आठवड्यात तारेपर्यंत पोचायचं. मासुए सभा बोलवायची, आता तिथे सगळे बोलायचे. कुणी कुणावर रुसलेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर उठून कापणारं कुणी नव्हतं.

हिराइ आले, कुंपणाच्या कडेनं चालले, वीज मोजायच्या यंत्राचा काटा हलला नाही तेव्हा त्यांनी ते खिशात ठेवलं.

"बाई, तुम्ही सगळं बरोबर केलंत."

"मला माहितेय," मासुए म्हणाली. "मीच शिकवलंय तुम्हाला. आठवतंय? खोऱ्यातले बेडूक फार कमी झाले की काय होतं?"

हिराइंना आठवत होतं. ते सांगायला तयार नव्हते, म्हणून तिनंच सांगितलं. पाणी असतं, किडे असतात, बेडूकही असतात. पण एकाची हाक दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथून पुढे काहीही करा, संख्या वाढत नाही. मुलांना सांगताना ती इथे नेहमी थोडी थांबायची, कारण एखादी मुलगी हमखास विचारायची, मग काय करायचं?

तेरुओ उन्हाळ्यात एकदाच ओसाकाला गेला. नको नको म्हणत होता, मग एके दिवशी आपणच बॅग भरली. मासुएही बरोबर गेली. कुमाओ खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता, केस नीट विंचरलेले. त्याला "होय" एवढा एकच शब्द येत होता, आणि तो त्यानं कशालाही म्हटला असता. तेरुओ त्याच्यासमोर स्टुलावर बसला आणि बोलायला लागला. कुंपणाचं बोलला, पावसाचं बोलला, ओढ्यात कोण बुडता बुडता वाचलं त्याचं बोलला, नाही म्हणालेल्या मुलीचं बोलला. लग्नापासून आजवर मासुएनं त्याला सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "तेव्हा मी जे बोललो ना, ते बोलायला नको होतं."

"होय," कुमाओ म्हणाला.

तेरुओ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. समजून म्हणाला की नुसतं म्हणाला, ते त्या तोंडावर दिसत नव्हतं. थोड्या वेळानं परिचारिका चहा घेऊन आली आणि तिनं "गार देऊ का?" असं विचारलं, त्यालाही तो तसंच "होय" म्हणाला.

परतीच्या गाडीत तेरुओ खिडकीबाहेर बघत होता. मासुए म्हणाली, "बरं केलंत आलात."

भात पिकायला लागलं तशी डुकरं परत आली. एका सकाळी तेरुओनं शेडमधून जुन्या तारा काढल्या, आपलं झटका मशीन पुसलं आणि घराजवळच्या दोन खाचरांभोवती खुंट ठोकायला लागला.

"असं नाही करायचं ठरलं होतं आपलं," मासुए म्हणाली. "इथून उठली की वरच्या घरी जातील ती."

"मग सांग ना, कुणाशी बोलून घालू?" तेरुओ म्हणाला. रागानं नाही. तारेचं दुसरं टोक त्यानं तिच्यापुढे धरलं.

वरच्या घरी एकटाच म्हातारा होता आणि त्यानं त्या वर्षी भात लावलंच नव्हतं. मासुएनं टोक धरलं आणि खाचराच्या कडेनं ती मागे मागे सरकत गेली.

बाकीची खाचरं त्यांनी सोडून दिली. कुमाओच्या खाचरात गवत आलं, मग बांबू, मग जंगलातली रोपटी. बांध कुठला आणि शेत कुठलं ते ओळखू येईनासं झालं. सभा बंद करून टाकावी असं उरलेल्यांनी ठरवलं, आणि ते ठरवायला म्हणून शेवटची सभा झाली. चहा बराच उरला.

तेरुओ पुन्हा पूर्वीसारखा गप्प झाला, किंवा पूर्वीहून जास्त. मासुए रोज सकाळी सूप वाढताना त्याला काहीतरी एक विचारते. मुद्दाम लहानसंच. वांगी किती आली, ओढ्याला पाणी आहे का, रात्री झोप लागली का. तो बहुतेक वेळा "हं" म्हणतो. कधी कधी तेही म्हणत नाही, वाडगा पुढे करतो, आणि ती त्यात अजून थोडं सूप घालते.